वायकिंगचा सदरा आणि देवाची घोंगडी

कुवेतमधल्या अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शिवणयंत्र स्वयंपाकघरात असे. दिवाणखान्यात जागा होती, पण शिवताना फोडणीवर नजर ठेवता आली पाहिजे, असे आईचे मत होते. त्यामुळे तिने शिवलेल्या पडद्यांना, उशांच्या अभ्र्यांना आणि माझ्या शाळेच्या पँटलाही हिंगाचा बारीक वास येई. सकाळच्या आवाजांचा क्रम ठरलेला होता. आधी मशिदीची बांग, मग खालच्या बकाल्याचे, म्हणजे वाण्याच्या दुकानाचे, शटर वर जाण्याचा आवाज, मग बाबांना शुऐबाच्या कारखान्यात नेणाऱ्या बसचा हॉर्न. हिवाळ्यात एसी बंद झाला की त्याच्या घरघरीखाली दबलेले आवाजही वर येत. भिंतीपलीकडचा मल्याळी रेडिओ ऐकू येई, आणि वारा समुद्राकडून असेल तर लाटाही. खिडकीतून समुद्राची निळी पट्टी दिसे. पुढे अनेक वर्षे वृत्तपत्राच्या डेस्कवर काढल्यामुळे आठवणीतल्या तपशिलांवर मी सहज विश्वास ठेवत नाही. पण या आवाजांबद्दल मला शंका नाही.

बाबा नाशिकचे. पेट्रोकेमिकल कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळणाऱ्या विभागात ते इंजिनिअर होते. त्याच विभागात आक्सेल नावाचा एक डॅनिश इंजिनिअर होता. पन्नाशीचा, लाल दाढीचा, बोलताना शब्द मोजून देणारा. त्याचा छंद आमच्या इमारतीतल्या कोणालाही नीट समजावून सांगता येत नसे. हजारएक वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून लांब होड्यांमधून निघणारे वायकिंग जसे राहत, जेवत आणि लढत, तसे तो आणि त्याचे काही मित्र हिवाळ्यातल्या सुट्ट्यांत राहत. कारखान्यातल्या एका कुवेती सहकाऱ्याने वाळवंटात हिवाळी तंबू ठोकलेला असे. त्याच्या शेजारची मोकळी जागा त्याने यांना दिली होती. लाकडी ढाली, बोथट भाले, लोखंडी कढई. एक दोरी ताणलेली असे. दोरीच्या आत वायकिंग, बाहेर आपण.

मी दोन हिवाळे दोरीच्या बाहेरून हे पाहिले होते. ढालींची रांग एकमेकींवर आपटते तेव्हा होणारा आवाज छातीत लागतो. तो एकदा आतून ऐकायचा, एवढीच माझी इच्छा होती. तिसरा हिवाळा शेवटचा होता. कुवेतमध्ये वाढलेल्या आमच्यासारख्या मुलांसाठी बारावी म्हणजे विमानाचे तिकीट. उन्हाळ्यात मी पुण्याला कॉलेजात जाणार होतो, आणि त्यानंतर वाळवंटातली थंडी काही माझ्या वाट्याला येणार नव्हती. मी आक्सेलला विचारले. तो म्हणाला, “कपडे आण. तपासून घेईन. बरोबर असले तर रांगेत उभा राहशील.”

त्याचा नियम एका वाक्यात मावणारा होता: त्या काळात त्या प्रदेशात जे नव्हते, ते अंगावर नको. झिप नाही, इलॅस्टिक नाही, सुती कापड नाही, यंत्राची शिवण नाही. आत अंगाला लागून बिनरंगी लिननचा गुडघ्यापर्यंतचा सदरा. त्यावर लोकरीचा तसाच दुसरा. अरुंद पायांची लोकरी विजार, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या लोकरीच्या लांब पट्ट्या, कातडी पट्टा, कातडी जोडे. आणि वर पांघरायला लोकरीचे चौकोनी वस्त्र. हे शेवटचे त्याने दोनदा सांगितले. सकाळी वाळवंटात वारा सुटतो, स्वेटरला परवानगी नाही, आणि थंडीने आजारी पडणारा माणूस त्याला मैदानात नको होता.

कापड मुबारकियाच्या बाजारात मिळाले. हिवाळ्यात कुवेती पुरुष घालतात त्या जाड, पायघोळ दिशदाशांसाठी तिथे लोकरीचे तागेच्या तागे असतात. दुकानदार प्रत्येक ताग्याला ‘प्युअर’ म्हणे. आईने प्रत्येकाचा एकेक धागा मागून घेतला, रुमालाच्या गाठीत बांधला आणि घरी आल्यावर गॅसच्या ज्योतीवर धरला. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि बोटांत चुरगळते. स्वयंपाकघर त्या वासाने भरले. बाबा दारातून म्हणाले, “कोणाचं डोकं भाजतेस?”

“तुमच्या त्या आक्सेलचं,” आई म्हणाली. तपकिरी कापड पास झाले.

बेतायचे काम मला अवघड वाटले होते. आईने आक्सेलने दिलेले चित्र उलटसुलट करून पाहिले आणि तिला हसू आले. अंगाचा एक लांब चौकोन, बाजूंना घेर वाढवणाऱ्या तिकोनी कळ्या, बगलेखाली चौकोनी तुकडा. “हा तर चौबगला,” ती म्हणाली. “माझे आजोबा असलीच पैरण घालायचे. कापड वाया जात नाही.” तिने दोन संध्याकाळींत बाहेरच्या शिवणी मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने घातल्या. आतल्या शिवणी मात्र यंत्रावर मारल्या. दिसणार नव्हत्या.

त्या आठवड्यात आक्सेल जेवायला आला. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. आईचा चातुर्मास होता. आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत आमच्या घरात कांदा आणि वांगे येत नसे, आणि ‘जमिया’त, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, वांगी कितीही ताजी दिसली तरी आई त्या बाजूला वळत नसे. जेवण झाल्यावर आक्सेलने सदरा हातात घेतला. बाहेरची शिवण पाहिली आणि मान डोलावली. मग सदरा उलटा केला. बोट शिवणीवरून फिरवले.

“मॅडम, हे मशीन आहे.”

“इनसाइड,” आई म्हणाली. “नोबडी लुकिंग.”

“मला माहीत असेल,” आक्सेल म्हणाला. त्याने सदऱ्याची नीट घडी घातली आणि परत दिला.

तो गेल्यावर आईने भांडी जरा जोरात घासली. “फुकट शिवून देतेय ते नाही दिसत. आतून कोण बघतंय, सांगा मला!”

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मुंबईचे, दोन दिवस शिळे. ते खाली न करता म्हणाले, “खरंच. इथं कुवेतमध्ये तू श्रावणात एक वांगं खाल्लंस तर कोण बघतंय?”

आईने नळ बंद केला. मग आई हात पुसून आली, ब्लेड घेतले आणि खाली बसून शिवण उसवायला लागली. मी मदतीला बसलो तर म्हणाली, “तू राहू दे. कापड कापशील.” पुढचा आठवडाभर दुपारी, बाबा कारखान्यात आणि मी शाळेत असताना, ती आतली प्रत्येक शिवण हाताने घालत होती. मी आलो की तिच्या तर्जनीवर सुईचे काळे ठिपके दिसत.

शुक्रवारी आमच्याकडे म्हादूकाका जेवायला येत. ते बाबांच्या हाताखाली पाइप फिटर होते. मालवणजवळच्या गावातले, बायकोमुले तिकडे, इथे अबू हलीफातच आणखी काही जणांबरोबर एका खोलीत राहत. आमच्या घरात शिरताना ते चपला काढायच्या आधी बोलायला लागत. त्या शुक्रवारी मी पायांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळून पाहत होतो.

“मेल्या, पायाक काय झाला? मुरगाळलो काय?”

“काका, वायकिंग असेच बांधायचे.”

“आणि ह्यां?” त्यांनी सदरा बोटाने उचलला. “अगो वयनी, गोणपाटाचो झगो शिवलंस काय झीलाक?”

“जेवायचं आहे ना तुम्हाला?” आई म्हणाली.

“झगो बरो आसा,” म्हादूकाका लगेच म्हणाले. “राजबिंडो दिसता.”

जोड्यांचे कातडे बाजारातून आणले. जोडा उलटा शिवायचा आणि भिजवून सुलटा करायचा, म्हणजे शिवण आत जाते. माझा पहिला जोडा सुलटा होताना फाटला. दुसरा म्हादूकाका धरून बसले आणि मी ओढला. सुलटा झाल्यावर त्यांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले की, वायकिंग दर्यात कशाक फिरत ता आता समाजला, घरात ह्या वासान कोण बसतला. मी हसलो तेव्हा आईसुद्धा हसली. तो हिवाळा आठवला की मला असल्याच संध्याकाळी आठवतात. घरात लोकरीची कात्रणे, उकडलेल्या शेंगांची टरफले आणि चार माणसांचे मोकळे बोलणे.

पांघरायचे वस्त्र राहिले होते. मुबारकियात शुद्ध लोकरीची पांघरुणे होती, पण सगळी यंत्रावर विणलेली, काठाला रेशमी पट्टी असलेली. आक्सेलने हातमागाचे हवे म्हणून सांगितले होते. आमच्या घरात हातमागाचे, मेंढीच्या लोकरीचे, बिनरंगी, चौकोनी असे एकच वस्त्र होते. कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात पांढऱ्या धोतरात गुंडाळलेली घोंगडी. सिन्नरच्या बाजूच्या एका धनगराने विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली, दोन पट्ट्या मधोमध जोडलेल्या. आमचे कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला त्याची तळी उचलतात तेव्हा ताम्हन या घोंगडीवर ठेवायचे. बाकी वर्षभर तिला कोणी हात लावायचा नाही. शिबिर चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी होते.

मी विचारले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणे थांबवलेसुद्धा नाही.

“देवाची घोंगडी सोंगाला द्यायची नाही.”

“सोंग नाही ते. तू स्वतः सगळ्या शिवणी...”

“शिवण माझी. घोंगडी त्याची.”

मी बाबांकडे पाहिले. बाबांनी या वेळी वर्तमानपत्र वर धरले. त्यांच्याकडे दुसरे वांगे नव्हते.

मी सदरा आणि विजार घडी करून पलंगाखाली ठेवले. आईने ते पाहिले असावे, कारण तिसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली. ती सरळ मुद्द्यावर न येता गोष्ट सांगायला लागली. मला ठाऊक असलेलीच. खंडोबाचे मन बाणाईवर, धनगराच्या मुलीवर जडले. मग देवाने म्हाताऱ्याचे रूप घेतले, तिच्या बापाकडे चाकरीला राहिला, मेंढ्या राखल्या, धनगरांत धनगर होऊन राहिला.

“काय पांघरत असेल तो रानात?” आई म्हणाली.

तिला उत्तर नको होते.

“त्यानंही सोंग घेतलं होतं म्हणजे. मी विचार केला. गुरुवारी तळी होऊ दे. मग ने. पण मी बरोबर येणार. घोंगडी माझ्या नजरेआड जायची नाही.”

चंपाषष्ठीच्या संध्याकाळी आमचा दिवाणखाना भरला. बाबांच्या कारखान्यातले लोक आले. घरात वांग्याचे भरीत आणि पातीचा कांदा पुन्हा दाखल झाला होता, बाजरीचे रोडगे तव्यावर फुगत होते, आणि जवळजवळ पाच महिन्यांनी कांद्याचा वास आल्याने सगळ्यांचे लक्ष तळीपेक्षा स्वयंपाकघराकडे होते. घोंगडी अंथरली. तिच्यावर तांब्याचे ताम्हन, त्यात पाने, सुपारी, खोबरे, भंडारा, म्हणजे हळद, आणि देवाचा टाक. पुरुष भोवती बसले, ताम्हन उचलले. “सदानंदाचा येळकोट!” म्हादूकाकांचा आवाज सर्वांत मोठा. “आमचो रवळनाथ,” ते मला हळूच म्हणाले, “पण खोबऱ्याक खंडोबाय चलता.” तळी झाल्यावर भंडारा उधळला. कपाळांवर, केसांत, सोफ्यावर आणि घोंगडीवर. ती पिवळ्याधमक धुळीने माखली. आईने ती तशीच चार पदरी घडी केली, भंडारा आत राहील अशी, आणि माझ्या हातात दिली. आमच्यात देवाच्या वस्त्रावरचा भंडारा झटकत नाहीत. हे कोणाला सांगावे लागत नाही, म्हणून त्या वेळी मला आक्सेलची आठवण झाली नाही. आईलाही नाही.

शुक्रवारी सकाळी बाबांच्या गाडीतून आम्ही चौघे निघालो. बाबा, आई, म्हादूकाका आणि वायकिंग. म्हादूकाकांच्या मांडीवर रोडग्यांचा डबा होता. वाळवंटात उन्हे तिरपी होती आणि उत्तरेचा वारा सुटला होता. ज्यांनी कुवेत फक्त उन्हाळ्यात पाहिले त्यांना तिथली थंडी सांगून पटत नाही. ती गाडीच्या दारातून आत येते आणि थेट कानांना धरते. दोरी ताणलेली होती. आत शेकोटीवर कढई चढली होती.

आक्सेलने माझी तपासणी दोरीजवळच केली. सदऱ्याची कड उलटवली, आतली शिवण पाहिली, आईकडे पाहिले आणि मान तुकवली. पट्ट्या, पट्टा, जोडे. जोड्यापाशी तो किंचित हसला, पण हो म्हणाला. मग त्याने घोंगडी हातात घेतली. तिचे वजन हातात अजमावले, मधला जोड पाहिला, तिचा ताठपणा बोटांनी दुमडून पाहिला. इतका खूश झालेला मी त्याला पाहिला नव्हता. मित्रांना हाक मारून त्याने ती उलगडली, आणि वाऱ्याबरोबर पिवळा लोट त्याच्या लाल दाढीवर बसला.

“हे काय?”

“हळद,” मी म्हणालो. “टर्मरिक.”

“उत्तरेत टर्मरिक नाही.” त्याने हात पुढे करून मला घोंगडी दिली. “झटक. काठीने. मग आत ये.”

“काय म्हणतायत?” आईने विचारले. मी सांगितले.

“झटकायची नाही,” आई म्हणाली. मराठीतच, पण आक्सेलकडे पाहून. “त्यांना सांग, देवाचं आहे. नको असेल तर नको म्हणा. झटकायची नाही.”

मी सांगितले. आक्सेल ऐकत होता. मी मधे उभा होतो. एकीकडे पिवळी घोंगडी, दुसरीकडे दोरी. पांघरुणाशिवाय मैदानात घेणार नाही हे त्यानेच दोनदा सांगितले होते, आणि हे पांघरूण तो घेणार नव्हता. दोघांपैकी कोणी वळणारे नाही, हे मला दोघांच्याही चेहऱ्यांवर दिसत होते. ते चेहरे त्या क्षणी एकमेकांसारखे होते.

“तुझ्या आईने आतली शिवण पुन्हा घातली,” आक्सेल शेवटी म्हणाला. “मी तिला आणखी काही करायला लावणार नाही. घोंगडी दोरीच्या बाहेर राहील, तिच्याकडे. फेरी संपली की तू बाहेर येऊन पांघरायची. फेरी चालू असताना फक्त सदरा. चालेल?”

“चालेल,” मी म्हणालो. आई म्हणाली, “तोवर गारठेल तो.” ते मी भाषांतरित केले नाही.

मी रांगेत उभा राहिलो. डावीकडे एक स्कॉटिश शिक्षक, उजवीकडे आक्सेल. माझी ढाल त्यांच्या ढालींमध्ये अडकली आणि समोरची रांग चालून आली. तो आवाज आतून वेगळा असतो. तो ऐकू येण्याआधी हाडांत पोचतो. मला तो नीट ऐकताही आला नाही, कारण कोणाचा तरी बोथट भाला माझ्या ढालीखालून आला आणि मांडीला टेकला. नियमाप्रमाणे मी मेलो. मेलेल्याने फेरी संपेपर्यंत पडून राहायचे.

वाळू बर्फासारखी होती. पाठीतून थंडी वर येत होती आणि माझे दात वाजत होते. डोळे मिटून मी ढालींचे आवाज ऐकत होतो. ते एकेक करून थांबत गेले. मग चपलांचा आवाज आला. कोल्हापुरी चपलांचा. मी डोळे उघडले. आई दोरी ओलांडून दोन्ही रांगांच्या मधून चालत येत होती, घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन, पूजेचे ताट न्यावे तशी. वायकिंगांनी ढाली खाली केल्या होत्या आणि तिला वाट दिली होती.

दोरीपलीकडून म्हादूकाका ओरडले, “वयनी, तो मेलो हा! मेलल्याक खयची थंडी?”

“अभद्र बोलू नका!” आई न वळता म्हणाली. तिने घोंगडी माझ्यावर घातली, गळ्यापर्यंत, चेहरा उघडा ठेवून, आणि कडा पाठीखाली खोचल्या. माझा तपकिरी सदरा पिवळा झाला.

“आई, फेरी चालू आहे. तू जा ना.”

“चालू दे की. मी कुठं अडवतेय?”

कोणी लढत नव्हते. सगळे आक्सेलकडे पाहत होते. तो भाल्यावर टेकून उभा होता. त्याच्या दाढीत अजून हळद होती. त्याने एकदा दोरीकडे पाहिले, एकदा आईकडे, आणि मग मोठ्याने, दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असे, जाहीर केले की मेलेल्यांना नियम लागू नाहीत. जिवंतांनी पुढे चालू ठेवावे. लढाई आमच्या भोवतीने चालू राहिली. आई माझ्या उशाशी वाळूत बसून होती आणि कोणाचा भाला जवळ आला की हाताने बाजूला करत होती.

त्या फेरीत कोण जिंकले ते मला आठवत नाही. शिंग वाजले तेव्हा मला घाम आला होता. घोंगडी तशीच असते.

दुसऱ्या फेरीसाठी मी उठलो. आईने घोंगडी स्वतःच्या खांद्यांवर घेतली आणि दोरीकडे निघाली. आक्सेलने तिच्यासाठी दोरी वर उचलून धरली. दोरीखालून वाकून जाताना ती थांबली आणि मला म्हणाली, “आता पडलास तर मी परत येणार, सांगून ठेवते.”

दोन्ही रांगांतले सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ढाल उजवी-डावीकडे घट्ट अडकवली, जोडे वाळूत रोवले, आणि शिंग वाजेपर्यंत पडलो नाही.